"परत येईल का?" विचारण्याआधी घराण्याचा तक्ता करा

४४व्या वर्षी माझ्या मोठ्या आतड्याची गाठ काढली. केमो संपल्यावर डॉक्टरांपुढे माझा एकच धोशा, "परत तर येणार नाही ना?" ते म्हणाले, "कुठली? हीच, की दुसरी नवी?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. जुन्या गाठीच्या मागे राहिलेल्या पेशी वाढल्या, तर तोच आजार उलटला. पण लिंच सिंड्रोम असेल, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जनुकात जन्मापासूनच बिघाड असेल, तर उरलेल्या आतड्यात वेगळीच गाठ होऊ शकते. अशी गाठ लवकर सापडली तर तीच उलटण्याची शक्यता बहुधा कमी असते. नवीची धास्ती मात्र जास्त.

असा बिघाड घराण्यात चालत येतो. म्हणून जनुकीय समुपदेशकाकडे जाण्याआधी घराण्याचा तक्ता करा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कॅन्सर झालेल्याला आतून काळं, गेलेल्यावर तिरकी रेघ. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्हीकडच्या तीन पिढ्या.

अवघड काम इथून पुढे. आमच्याकडे कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही, "पोटाच्या दुखण्यानं गेली" म्हणतात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना सरळ विचारू नका. ऑपरेशन कुठं झालं, शौचातून रक्त पडायचं का, पोटाला पिशवी लावली होती का, असं विचारा. बायकांची गर्भपिशवी काढली असेल तर का काढली, हे खोदून काढा. लिंचमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर आतड्याच्या कॅन्सरइतकाच महत्त्वाचा. माझ्या आत्याची पिशवी "अंगावरून फार जातं म्हणून" काढली, एवढंच घरात माहीत होतं. ट्रंकेत जुना रिपोर्ट निघाला: कॅन्सर, वय ४६. वय आठवत नसेल तर "इंदिराबाई गेल्या त्याच्या आधी की नंतर?" असं विचारावं, १९८४ चा खुंटा हाती लागतो. मी तर वडिलांची बाजू सोडूनच देणार होते. बायकांचा आजार बापाकडून कसा येईल? येतो. बिघडलेलं जनुक आईकडचं असो की बापाकडचं, प्रत्येक मुलाला, मुलीला ते मिळण्याची शक्यता निम्मी.

ऑपरेशन झालं तिथून गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉकही मागून घ्या. दुरुस्ती करणाऱ्या जनुकांपासून बनणारी, त्याच नावांची एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही चार प्रथिनं त्यात आहेत का, ते पाहतात. एखादं नसलं म्हणजे लिंच ठरला असं नाही. पुढे रक्ताची चाचणी लागते. ती आधी आजारी माणसाची करायची, बिघाड सापडला तरच भावंडांची. रिपोर्टात "अर्थ अनिश्चित" आलं, तर बिघाड सापडला असं धरू नका.

माझा सापडला, एमएसएच२ या जनुकात. आता दरवर्षी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीनं तपासणी. धाकटा भाऊ "मला काही होत नाही" म्हणत वर्षभर तपासण्या टाळत होता. त्याला तक्त्याचा फोटो पाठवला, त्याचा चौकोन कोरा ठेवून, आत प्रश्नचिन्ह काढून. तासाभरानं फोन आला, "ताई, आदल्या दिवशी काय खायचं नसतं गं?"