माळ्यावरच्या भजनाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घेताना

गणपतीला चाकरमानी आले की माळ्यावरचा कॅसेटींचा डबा खाली येतोच, डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याच्या), दशावताराच्या, एखादी आजोबांनी स्वतः म्हटलेल्या अभंगांची, आणि कोणीतरी लगेच म्हणतं चला पेनड्राइव्हवर घेऊन टाकूया मग हा पसारा भंगारात. घ्या की, पण भंगारात नको आणि गणपतीत पण नको, भाद्रपदात आपल्याकडे पापड मऊ पडतो तिथे टेपचं काय. दिवाळीनंतर हवा सुकली की बसा.

आधी कॅसेट उजेडात धरून तिच्यावरच्या पारदर्शक खिडकीतून आत बघा. गुंडाळीवर पांढरी पूड किंवा जाळीसारखं दिसलं तर बुरशी आहे, ती लावायचीच नाही, प्लेअरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला चिकटून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. तिला सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वेगळ्या डब्यात घाला. उन्हात मात्र टाकू नका हां, आमसुलं सोलं टाकायची सवय आहे आपल्याला, पण कॅसेट वाकते.

चांगल्या कॅसेटचे मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा म्हणजे वरून परत काही भरलं जात नाही. आमच्या एका अख्ख्या बारीवर काकाने हिंदी गाणी भरलीत, अजून विषय निघाला की घरात भांडण. टेप सैल असेल तर पेन्सिल घालून हलक्या हाताने गुंडाळा. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या कापसाच्या काडीने पुसा. आवाज लहरतोय, बुवा मधेच झोपेत गातायत असं वाटलं तर बहुतेक प्लेअरमधला टेप फिरवणारा रबरी बेल्ट ढिला झालाय, टेप सेकंदाला 4.76 सेंटीमीटर सरकायला हवी ती सरकत नाही, बेल्ट बदला.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, बऱ्याचदा ते मोनो असतं आणि आवाज फाटतो. लाइन इन (प्लेअरची वायर लावायचं भोक) असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या, रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात सेटिंग 44,100 हर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ, आणि फाइल वॅव्ह (आवाज न दाबता ठेवणारी). मिनिटाला साधारण 10 एमबी, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला 600 च्या आसपास.

आता खरी गोम. रेकॉर्डिंगची लेव्हल सुरुवातीच्या संथ अभंगावर लावली की गजरात, म्हणजे भजनाच्या जोरकस भागात मृदंग चढल्यावर सगळं फाटतं, म्हणून आधी गजर वाजवून बघा आणि ऑडॅसिटीतला लेव्हलचा काटा उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही असं ठेवा. टाळ बोथट वाटले तर हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवा, टाळ किणकिणले की थांबा (आधी स्क्रू कुठे होता त्याची खूण करून ठेवा). नॉइज रिडक्शनचा मोह टाळा, खरखरीबरोबर टाळ पण जातात. वॅव्ह तशीच ठेवायची, व्हॉट्सॅपवर पाठवायला एमपीथ्री वेगळी काढायची.

कव्हरच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढाच, मृदंगाला कोण होतं ते फक्त तिथेच लिहिलेलं असतं. एक कॉपी घरी, एक मुंबईच्या चुलतभावाकडे. कॅसेट एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, उभी, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डबा परत माळ्यावर नको, कौलांखाली मे महिन्यात भाजतो, खालच्या लाकडी कपाटात ठेवा, स्पीकरपासून लांब.