कॉम्प्युटरवरचे पिक्चर टीव्हीवर: घरच्या नेटवर्कवर जेलीफिन

पेन ड्राइव्हवर पिक्चर चढवायचा, टीव्हीला लावायचा आणि टीव्हीने आवाजच द्यायचा नाही, या कटकटीतून सुटायचं असेल तर कॉम्प्युटरलाच सर्व्हर करावं, म्हणजे टीव्ही त्यातले पिक्चर नेटवर्कवरून थेट घेईल. जेलीफिन हे त्यासाठीचं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. एम्बी या अशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरात ते त्यातून वेगळं निघालं. प्लेक्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर दिसायला जास्त गुळगुळीत आहे, पण ग्राफिक्स चिपवर व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा रूपात बदलून घ्यायची सोय तिथे पैसे भरल्यावर मिळते, इथे फुकट. पुढची माहिती विंडोजसाठी आहे.

बसवण्याआधी फाइली लावून घ्या, नंतर फार त्रास होतो. प्रत्येक पिक्चरला स्वतंत्र फोल्डर, त्यावर नाव आणि कंसात वर्ष. मालिकेच्या फाइलच्या नावात रोमन अक्षरांत एस०१ई०१ असा सीझन-भागाचा क्रमांक हवा. लग्नामुंजीचे व्हिडिओ पूर्ण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लायब्ररीचा प्रकार निवडताना त्यांना ‘होम व्हिडिओज’ द्या. ‘मूव्हीज’ दिलात तर बारशाच्या व्हिडिओला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटतं. एक्स्टर्नल हार्ड डिस्क असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एबीसीडीतलं शेवटाकडचं, म्हणजे एक्स किंवा वाय असं अक्षर द्या. नाहीतर एखाद दिवशी आधी पेन ड्राइव्ह लावला जातो, डिस्कचं अक्षर बदलतं आणि लायब्ररी रिकामी दिसते.

इन्स्टॉल झालं की त्याच कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८०९६ टाका. युजर आणि पासवर्ड ठरवा, फोल्डर जोडा, झालं. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक बघा, समजा १९२.१६८.१.३५. टीव्हीकडे वळण्याआधी तोच पत्ता आणि ८०९६ मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. सुरुवातीला एचटीटीपी लिहा, एचटीटीपीएस नको.

उघडलं नाही, तर बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण असतं. विंडोजने तुमचं वायफाय ‘पब्लिक’ धरलेलं असतं आणि फायरवॉल बाहेरून कोणालाच आत घेत नाही. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करा. किंवा मोबाइल गेस्ट वायफायवर असतो, तिथून घरातली बाकी उपकरणं दिसतच नाहीत. तिसरं कारण आपल्याकडे सर्रास आढळतं: फायबरवाल्याचा डबा एक, त्यापुढे आपण विकत आणलेला राउटर दुसरा, आणि दोघेही आपापले पत्ते वाटतायत. टीव्हीला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता आणि कॉम्प्युटरला १९२.१६८.० ने सुरू होणारा, असं दिसलं की समजावं. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाका, म्हणजे पत्ते एकच डबा वाटेल.

चाललं, की राउटर पत्ते वाटतो त्या डीएचसीपी सेटिंगमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. पॉवर सेटिंगमध्ये ‘स्लीप’ही बंद करा, स्क्रीन बंद झाली तर चालेल, मशीन झोपलं तर पिक्चर मध्येच थांबतो.

आता टीव्ही. अँड्रॉइड टीव्ही आणि फायर स्टिकवर जेलीफिनचं अ‍ॅप मिळतं. टीव्हीवर अ‍ॅप नसेल, तर एखादी स्टिक घेणं डीएलएनएच्या, म्हणजे टीव्हीतल्याच जुन्या मीडिया प्लेअरच्या भानगडीत पडण्यापेक्षा बरं. डीएलएनएवर पुढे-मागे करणं आणि सबटायटल या दोन्ही बाबतींत टीव्हीगणिक वेगळा तमाशा असतो.

पिक्चर अडखळतो तेव्हा लोक ब्रॉडबँडवाल्याला फोन लावतात. त्याचा इथे संबंध नाही, सगळा डेटा घरातल्या घरात फिरतो. आधी फाइलला किती वेग लागतो तो काढा: जीबीला १३३ ने गुणा आणि मिनिटांनी भागा, उत्तर एमबीपीएसमध्ये. दोन तासांचा ८ जीबीचा पिक्चर म्हणजे साधारण ९ एमबीपीएस, कुठल्याही वायफायला झेपेल. तेवढ्याच लांबीचा ६० जीबीचा फोर-के पिक्चर म्हणजे सरासरी ६६, आणि धावपळीच्या दृश्यांत १०० च्या वर. इथे बरेच टीव्ही फसवतात, कारण त्यांचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावायची जागा, १०० एमबीपीएसचाच असतो. अशा वेळी केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जास्त चालतं. कॉम्प्युटर मात्र राउटरला केबलनेच जोडावा. दोन्ही टोकं वायफायवर असली की तोच डेटा हवेतून दोनदा जातो.

वेग पुरेसा असूनही अडखळत असेल तर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडून चालू पिक्चरची माहिती बघा. ‘डायरेक्ट प्ले’ असेल तर कॉम्प्युटर फाइल नुसती पाठवतोय. ‘ट्रान्सकोडिंग’ असेल तर तो ती बसल्या जागी नव्याने तयार करतोय, आणि कारणही तिथेच लिहिलेलं असतं. आवाज डीटीएस प्रकारचा आहे म्हणून बदलतोय, तर काळजी नको, ते काम हलकं. व्हिडिओ दहा-बिट एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबून साठवलेला आहे आणि जुन्या टीव्हीला तो कळत नाही, हे जड. सगळ्यात फसवं कारण सबटायटलचं: ब्लू-रेवरून आलेली पीजीएस सबटायटलं म्हणजे अक्षरं नसून चित्रं असतात. काही अ‍ॅप ती स्वतः दाखवू शकत नाहीत, मग सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती छापत बसतो. सबटायटल बंद करताच पिक्चर सुरळीत झाला, तर दोष हाच. त्याऐवजी एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांतली सबटायटल फाइल वापरा. मराठी एसआरटीत प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसत असतील, तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथे देवनागरी नीट दिसली तर ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये यूटीएफ-८ निवडून पुन्हा सेव्ह करा.

ट्रान्सकोडिंग टळतच नसेल तर प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये, ते काम ग्राफिक्स चिपकडे देणारं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन चालू करा. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर असेल तर ‘क्विक सिंक’ निवडा, दहा-बिट एचईव्हीसी तो आरामात उलगडतो. त्याआधीच्या मशीनवर फोर-केचा नाद सोडून १०८०पी फाइली ठेवलेल्या बऱ्या.

बाहेरगावाहून बघायचं म्हणून राउटरवर ८०९६ पोर्ट उघडू नका. तो थेट जगाला खुला होतो, शिवाय अनेक फायबर कनेक्शनवर स्वतःचा सार्वजनिक पत्ताच मिळत नसल्याने ते चालतही नाही. कॉम्प्युटर आणि मोबाइल दोन्हींवर टेलस्केल हे दूरची उपकरणं खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर टाका, एकाच खात्याने लॉगिन करा आणि त्यात दिसणारा कॉम्प्युटरचा १०० ने सुरू होणारा पत्ता जेलीफिनच्या अ‍ॅपमध्ये भरा. बाहेरून बघताना मात्र घरच्या कनेक्शनचा अपलोडचा वेग मोजला जातो, तेव्हा अ‍ॅपमधली क्वालिटी त्याच्या खालीच ठेवा.