डोळ्यांभोवतीचे क्रीम पारखताना: घटकांची यादी कशी वाचावी, गुण कसा तपासावा

डोळ्यांखालच्या काळेपणावर चांगले क्रीम सांगा, अशी मागणी परभणीत औषधांच्या दुकानात बसणाऱ्या माझ्यासारख्याच्या कानावर लग्नसराईत रोज येते. तिला एका नावाने उत्तर देणे सोपे असते आणि बहुतेक वेळा चुकीचेही असते, कारण काळेपणा हा शब्द एक असला तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात आणि एका कारणावर चालणारा घटक दुसऱ्यावर निरुपयोगी ठरतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरीच पाच मिनिटे काढावीत.

सकाळी चेहरा धुऊन, हातात आरसा घेऊन खिडकीसमोर बसावे. खालच्या पापणीखालची त्वचा बोटाने हलकेच ताणावी. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावरही तसाच राहिला, तर तो बहुधा मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचा असतो. निळसर-जांभळी छटा ताणल्यावर अधिक उठून दिसली, तर खालच्या रक्तवाहिन्या दिसत आहेत असे समजावे; पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, साधारण अर्ध्या मिलिमीटरची किंवा त्याहून कमी जाडीची असल्याने हे सहज घडते. मान वर करून उजेडाकडे पाहताच काळेपणा बराचसा नाहीसा झाला, तर तो रंग नसून डोळा आणि गाल यांच्यामधल्या खळगीची सावली आहे. सकाळी फुगलेला आणि दुपारपर्यंत उतरणारा भाग म्हणजे साचलेले पाणी, तर दिवसभर तसाच राहणारा फुगवटा बहुधा पुढे सरकलेल्या चरबीचा असतो. सावली आणि चरबी यांवर कोणतेही क्रीम चालत नाही. ज्यांचे कारण या दोहोंपैकी एक आहे त्यांनी पुढचा मजकूर पैसे वाचवण्यापुरता वाचावा. एकाच चेहऱ्यावर दोन-तीन कारणे एकत्रही आढळतात.

पापण्यांना खाज येत असेल, तर मात्र क्रीमचा विचारच बाजूला ठेवावा आणि खाज कशाची ते आधी शोधावे, कारण सतत चोळल्यानेच त्वचा काळी पडते. आपल्याकडे बांधावर, पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला माजणारे गाजरगवत हे याचे मोठे कारण आहे. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडून पापण्या, मान आणि कोपराचा आतला भाग येथे बसतात व तिथली त्वचा लाल, जाड आणि खाजरी होते. केसांच्या काळ्या कलपातला पीपीडी हा घटकही असाच फसवतो: कलप डोक्याला लावलेला असतो आणि सूज पापण्यांवर येते. नेलपॉलिशची ॲलर्जीसुद्धा बोटांवर न दिसता, नखे लागतात तिथे, म्हणजे पापण्यांवर दिसू शकते. काळेपणासोबत चेहरा फिकट आणि थकवा असेल, तर हिमोग्लोबिन तपासणे हे कोणत्याही ट्यूबपेक्षा स्वस्त आणि उपयोगाचे आहे.

आता यादीकडे वळू. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात छापावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. ही १ टक्क्याची रेघ यादीत आखलेली नसते, पण ती अंदाजाने ओळखता येते. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे क्रीम नासू न देणारा घटक, १ टक्क्यापर्यंतच वापरले जात असल्याने त्याच्यानंतर छापलेले सर्व काही १ टक्का किंवा त्याहून कमी आहे असे धरून चालावे. एका ट्यूबच्या खोक्यावर केशराच्या काड्या आणि सोललेले बदाम ठळकपणे काढलेले होते. मागची बारीक अक्षरातली यादी भिंगातून वाचली, तेव्हा क्रम असा निघाला: ॲक्वा म्हणजे पाणी, ग्लिसरीन, एक हलके तेल, निॲसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप, घट्टपणा देणारे दोन घटक, फिनॉक्सीइथेनॉल, मग पर्फ्यूम म्हणजे सुगंध, आणि सर्वांत शेवटी क्रोकस सटायव्हस म्हणजे केशर. अत्तरानंतर केशर! बदामाचे शास्त्रीय नाव तर यादीत कुठेच नव्हते. तरीही हे क्रीम वाईट ठरत नाही. ते केशराचे नसून ग्लिसरीन आणि निॲसिनामाइडचे क्रीम आहे आणि त्या घटकांच्याच किमतीला घ्यायचे आहे, एवढेच ठरते.

ही रेघ सगळ्या घटकांना सारखी लावू नये. ग्लिसरीन आणि निॲसिनामाइड यादीत वर असायला हवेत, कारण निॲसिनामाइडचा उपयोग साधारण २ ते ५ टक्क्यांच्या प्रमाणात होतो. उलट रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे आणि सोडियम हायलुरोनेट म्हणजे हायलुरॉनिक ॲसिडचा क्षार हे फार थोड्या प्रमाणात वापरले जातात, त्यामुळे ते रेघेखाली दिसले म्हणून खोका परत ठेवण्याचे कारण नाही.

तपकिरी रंगासाठी निॲसिनामाइड, क जीवनसत्त्व किंवा ज्येष्ठमधाचा अर्क पाहावा, परंतु सोबत उन्हापासून संरक्षण नसेल तर मराठवाड्याच्या उन्हात हे सर्व पालथ्या घड्यावरचे पाणी ठरते. डोळ्यांजवळ झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे सनस्क्रीन त्यातल्या त्यात कमी झोंबते. निळसर छटेसाठी आणि सकाळच्या सुजेसाठी कॅफीन उपयोगी आहे. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, पण त्याचा परिणाम काही तासांचाच असतो, म्हणून त्याच्याकडून कायमच्या फरकाची अपेक्षा करू नये. बारीक सुरकुत्यांसाठी सर्वांत भक्कम पुरावा रेटिनॉलच्या वर्गाला आहे. ते रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, पापणीच्या केसांपासून दूर, डोळ्याभोवतीच्या हाडावरच लावावे आणि गरोदरपणात वापरू नये. पेप्टाइडची जाहिरात त्यांच्या पुराव्यापेक्षा बरीच मोठी असते. हायलुरॉनिक ॲसिड पाणी धरून ठेवते, मात्र आपल्याकडच्या मार्च ते मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत त्यावर सिरॅमाइड किंवा पेट्रोलॅटम असलेला थर नसेल, तर लावल्यानंतर थोड्याच वेळात त्वचा पुन्हा ओढल्यासारखी वाटते. लावताक्षणी उजळ दिसणारे क्रीम बहुधा माइका म्हणजे अभ्रक किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या चमकेवर तसे दिसते; तोंड धुतले की तो उजळपणा जातो.

सुगंध, मेंथॉल, कापूर आणि सुवासिक तेले या भागासाठीच्या उत्पादनात नसलेली बरी. थायोमर्सल किंवा मर्क्युरी असे नाव यादीत दिसले, तर ते पारायुक्त परिरक्षक आहे असे समजून खोका खाली ठेवावा. यादीच नसलेला सुरमा किंवा सुटे काजळ घेऊ नये, कारण सुरम्यात शिसे सापडू शकते. सर्वांत मोठा धोका मात्र प्रसाधनाच्या नव्हे, तर औषधाच्या ट्यूबचा आहे. शेजारणीला आठ दिवसांत गुण आला म्हणून मागितल्या जाणाऱ्या अनेक गोरेपणाच्या क्रीममध्ये मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असते. त्यामुळे पापणीची त्वचा आणखी पातळ होते, आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचा धोका संभवतो. काउंटरच्या या बाजूला बसणाऱ्याने असे क्रीम चिठ्ठीशिवाय देऊ नये, हेही इथे लिहिले पाहिजे. आमच्या व्यवसायात ते सर्रास दिले जाते.

वेष्टन दिसायला किरकोळ बाब असली तरी क जीवनसत्त्व आणि रेटिनॉल उजेडाने व हवेने बिघडतात, म्हणून उघड्या तोंडाच्या डबीपेक्षा अपारदर्शक ट्यूब किंवा पंप घ्यावा. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा पत्र्याच्या छताखालच्या दुकानात चार महिने पडून राहिलेल्या मालाची अवस्था सांगायला नको. क जीवनसत्त्वाचे सीरम तपकिरी झाले असेल, तर ते वाया गेले. उघड्या डबीच्या चित्रात ६एम किंवा १२एम असे लिहिलेले असते. उघडल्यापासून तितके महिने ते वापरायचे असते, म्हणून उघडल्याची तारीख ट्यूबवर पेनाने लिहावी. किमतीचे गणित मिलिलिटरवर करावे: १५ मिलिलिटरची ट्यूब ६०० रुपयांना पडली तर मिलिलिटरला ४० रुपये होतात, आणि तेच घटक असलेले ५० मिलिलिटरचे सुगंधविरहित चेहऱ्याचे क्रीम ५०० रुपयांना मिळाले तर १० रुपये. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर पुष्कळदा फरक फक्त ट्यूबच्या आकाराचा निघतो.

खोक्यावरच्या ‘इतक्या टक्के महिलांना फरक जाणवला’ या वाक्यात जाणवला हा शब्द महत्त्वाचा आहे. तो मोजलेला नसून विचारलेला असतो. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ याचा अर्थही गुण सिद्ध झाला असा होत नाही. म्हणून स्वतःच तपासावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात दिवस लावून पाहावे. लाली किंवा खाज आली नाही, तर क्रीम केवळ उजव्या डोळ्याखाली, तांदळाच्या दाण्याएवढे, अनामिकेने टेकवत लावावे आणि डावा डोळा कोरा ठेवावा. सनस्क्रीन दोन्हीकडे सारखेच लावावे, आणि या काळात दुसरे कोणतेही नवे उत्पादन सुरू करू नये. पहिल्या दिवशी आणि नंतर दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, चेहरा धुऊन, मोबाइलचा ब्यूटी मोड बंद करून फोटो काढावा. कोरडेपणातला फरक आठवड्याभरात कळतो, परंतु रंग आणि सुरकुत्या यांसाठी आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात.

सूज एकाच डोळ्याला आणि अचानक आली, पापणीतून पाणी पाझरू लागले किंवा चेहऱ्याबरोबर पायही सुजले, तर हा प्रयोग करत बसू नये. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर जवळच्या डॉक्टरांकडे दाखवावे आणि वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब, कलपाच्या पुडीसकट, पिशवीत घालून सोबत न्याव्यात. प्रयोग पूर्ण झाला, तर बाराव्या आठवड्याचे आणि पहिल्या दिवसाचे फोटो, कोणता कधीचा ते न सांगता, घरातल्या एखाद्याला दाखवावेत आणि कोणत्या डोळ्याखाली फरक दिसतो ते विचारावे. त्याला डावा-उजवा ओळखता आला नाही, तर दुसरी ट्यूब घेऊ नये.