कूस बदलायची ती अशी

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची काळजी घ्यायला नवीन मावशी कामावर आल्या की मी आधी त्यांनाच पाठीवर झोपवते, १५ मिनिटं, अजिबात न हलता. उठताना म्हणतात, "ताई, माकडहाड दुखायला लागलं हो." मग पुढचं शिकवणं सोपं जातं.

एकाच जागी दाब राहून जखम होऊ नये म्हणून पेशंटची दर २ तासांनी कूस बदलायची, एअरबेड असला तरी. पूर्ण कुशीवर नको. पाठीला उशी लावून साधारण ३० अंश कलतं. पेशंटला ओढायचं नाही, कातडी सोलवटते. कमरेखाली जुनं सुती लुगडं घडी करून घालायचं, सुरकुती न ठेवता, आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलायचं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी.

स्पंज करताना माकडहाड, खुबे, टाचा उजेडात बघा. लाल चट्ट्यावर बोट दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं, तर त्या बाजूवर तूर्त भार नको. लालच राहिलं, तर जखमेची सुरुवात. लगेच नर्सला कळवा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतंय का पाहायचं. चट्टा चोळायचा मात्र नाही. तेलाची वाटी घेऊन बसलेल्या आजींना हे पटवणं सगळ्यात अवघड! पेशंटच्या खाली भोकाची रबरी रिंगही नको.

ओला डायपर? तेव्हाच बदला, पुढच्या कुशीची वाट बघू नका.