घोड्यांसाठी जमीन घेताय? मग या चुका टाळा

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, लांबलांबून घोडे येतात, आणि काही हौशी मंडळी तिथून घोडा घेऊनच परततात. जागा मात्र नंतर शोधायला लागतात. जनावर दारात उभं असलं की जमिनीचा भाव पाडून मागता येत नाही आणि कागद वाचायलाही उसंत नसते. म्हणून क्रम ठरवा: आधी जमीन आणि पाणी, मग पागा, मग घोड्याचं बघणारा माणूस, आणि सगळ्यात शेवटी घोडा.

दुसरी अडचण बघण्याच्या नजरेची. गिऱ्हाईक डोंगराचा देखावा बघतं, धरणाचं पाणी बघतं, फार्महाउस कुठे बसेल ते बघतं. घोड्याला यातल्या कशाचंच सोयरसुतक नाही. त्याला पायाखाली कोरडी, घट्ट जमीन हवी.

हिवाळ्यात जागा पसंत करणं

डिसेंबरात सगळ्याच जमिनी छान दिसतात. व्यवहार करण्याआधी तीच जागा मेअखेरीस एकदा आणि जुलैच्या मध्यावर एकदा बघा. मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, जुलैत जमिनीचा स्वभाव कळतो. एजंट म्हणेल, "साहेब, तोवर प्लॉट राहणार नाही." नाही राहिला तर नाही राहिला.

खोल काळी माती कापसाला, ज्वारीला सोनं असेल, घोड्याला नाही. पावसात ती खुराला चिकटून राहते, चिखल नाल ओढून काढतो, आणि सतत ओल राहिली की खुराच्या तळाला, बेचक्यात सड लागते. काळा, घाण वासाचा स्राव दिसला म्हणजे ती सुरू झालीच. उन्हाळ्यात त्याच मातीला पाय मुरगळेल अशा भेगा पडतात, आणि माती फुगत-आकसत राहिल्याने पागेचं जोतंही तडकतं. मुरमाड, किंचित उताराची, पाणी वाहून जाणारी जमीन पिकाला हलकी म्हणून स्वस्त मिळते. घोड्यांसाठी मी तीच घेईन.

तालुकाही बघून निवडा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पुणे जिल्ह्यातच पूर्वेला दौंडकडे त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याइतका. मुळशी-मावळात जागा घेतलीत तर चार महिने घोड्यांना छपराखाली फिरवण्याची सोय करावी लागणार. तो खर्च जमिनीच्या भावातच मिळवून बघा, मग 'स्वस्त' जागा किती स्वस्त ते कळेल.

सातबारा वरवर चाळणं

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय ती विकू देत नाही. तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर शेती नसेल तर "आपण जुळवून घेऊ" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. व्यवहार अवैध ठरला तर जमीनही जाते आणि पैसेही अडकतात.

सातबारावर क्षेत्र आणि नाव बघून समाधान मानू नका. भोगवटादार वर्ग 2 लिहिलेलं असेल तर विक्रीला परवानगी लागते. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींची नावं असं बरंच काही दडलेलं असतं. जुने फेरफार काढून वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध घ्या. विहीर सामाईक असेल तर कोणाची पाळी किती दिवस, हे विकणाऱ्याला नाही, शेजारच्या हिस्सेदाराला विचारा. उत्तर वेगळं आलं तर आश्चर्य वाटायला नको.

रस्त्याचा घोटाळा सगळ्यात जास्त छळतो. जागा दाखवताना गाडी थेट आत जाते, कारण शेजारी आज विकणाऱ्याशी बोलतो. उद्या तो तुमच्याशी बोलेलच असं नाही. नकाशावर रस्ता नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. पण त्याला वेळ लागतो, आणि मिळालेल्या वाटेवरून घोड्यांचा ट्रक वळेलच याची खात्री नाही. पोटशूळ उठलेला घोडा अर्ध्या रात्री बाहेर काढायचा असतो तेव्हा तारखा उपयोगी पडत नाहीत.

आणखी एक. स्वतःच्या शेतातला गोठा किंवा चाऱ्याची शेड ही शेतीच्या कामाची बांधकामं. पण फी घेऊन रपेट शिकवणं, दुसऱ्यांचे घोडे पैसे घेऊन सांभाळणं हा धंदा झाला आणि बिनशेतीचा प्रश्न आला. पुण्याच्या आसपास असाल तर पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) झोन दाखला आधी काढा. नदीकाठची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषाही नकाशावर तपासा. 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते गावातली म्हातारी माणसं भिंतीवर बोट ठेवून दाखवतील.

पाणी फक्त पिण्यापुरतं मोजणं

चारशे किलोचा घोडा दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात कामावर असेल तर त्याहून जास्त. चार घोड्यांचं पिणं एका टाकीत भागतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. खरं पाणी लागतं लसूणघासाला, म्हणजे हिरव्या चाऱ्याला, आणि धूळ बसवायला. घोडा फिरवायच्या 20 बाय 40 मीटरच्या रिंगणावर नुसतं 5 मिलिमीटर पाणी मारायचं तर 4,000 लिटर लागतं. मेमध्ये हे रोज करून बघा. बोअर किती इंची आहे याला अर्थ नाही. मेअखेरीस सलग काही तास पंप चालवून पाणी तुटतं का ते बघा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. शेतीपंपाची वीज चोवीस तास नसते, तेव्हा साठवणीची टाकी हवीच.

चाऱ्याचं गणित वजनावर: वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे घोड्यामागे रोज सहा ते आठ किलो. चार घोड्यांना महिन्याला जवळजवळ टनभर. जागेवर आधीच संकरित नेपियर उभं आहे म्हणून खूश होऊ नका. म्हशीला ते चालतं. घोड्याला त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियम पचू देत नाही, आणि तेच मुख्य खाणं झालं तर हाडं ठिसूळ होऊन जबडा सुजतो. कोवळी ज्वारीही नको. कुंपणाला शोभेची कण्हेर असेल तर घोडा यायच्या आधी मुळासकट उपटा. थोडी पानंही जीव घेतात, वाळलेलीसुद्धा.

काटेरी तार तशीच ठेवणं

बहुतेक शेतांना काटेरी तार असतेच, आणि "कुंपण तयार आहे" म्हणून ती भावात धरली जाते. घोडा बुजला की आधी पळतो, मग बघतो. तारेत पाय अडकला की मागे सरण्याऐवजी तो झटके देतो आणि कातडं पार हाडापर्यंत सोलून निघतं. त्यातून धनुर्वात घोड्याला फार सहज होतो. लोखंडी पाइप, लाकडी आडवे किंवा ठळक दिसणारी रुंद पट्टी, साडेचार-पाच फूट उंच, आणि आतल्या बाजूने सोलरवरची झटका मशीन. पैसे कमी असतील तर एकच पटांगण नीट बंद करा, बाकीचं पुढच्या वर्षी.

शेजार न बघणं

खडी क्रशरची धूळ घोड्याच्या फुप्फुसात जाते. लग्नाच्या लॉनवरचे फटाके आणि डीजे त्याला वेडं करतात. म्हशींचे गोठे आणि दलदल लागून असेल तर पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माशा वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रोग येतो: ताप चढ-उतार, अंग झडणं, पायांवर सूज. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या धरूनच चाला. शिंगरू रात्री उघड्यावर नको.

नालबंद आणि घोड्यांचा अनुभव असलेला डॉक्टर किती लांब आहे, ते फोन करून विचारा. गावचा पशुवैद्य गाई-म्हशींचा उत्तम असेल, पण घोड्याचा पोटशूळ रोज बघणारा असेलच असं नाही. शिरवळ किंवा मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय ट्रकने किती तासांवर येतं, तेही मोजा.

जमीन आधीच घेतली असेल तर

काळी माती निघाली? सगळं शेत बदलायला जाऊ नका. पागेपुढचा भाग, गेट आणि पाण्याची जागा, जिथे घोडे तासन्‌तास उभे राहतात, तिथली वरची फूट-दीड फूट माती काढा, मुरूम टाकून रोलर फिरवा, कडेने चर खणा. मुरुमाच्या प्रत्येक गाडीमागे रॉयल्टीची पावती मागा, नाहीतर गौण खनिजाच्या दंडाची नोटीस तुमच्या नावाने येते.

पागेत डोळे चुरचुरतात? अमोनिया कोंडलाय. पत्रा बारा फुटांपर्यंत उचला, वरच्या बाजूला झडपा ठेवा. तोंड नैर्ऋत्येला असेल तर पावसाची झड अडवायला पुढे छप्पर वाढवा. खण बारा बाय बारा फुटांपेक्षा लहान असतील तर दोनांचा एक करा.

लिदीचे ढीग आणि माशांवरून शेजाऱ्यांची कुरबुर सुरू झाली असेल, तर चार घोड्यांची महिन्याला दोन टनांच्या आसपास लीद होते हे लक्षात घ्या. खड्डा विहिरीपासून लांब घ्या, ढीग झाकून कुजवा आणि खत पहिल्यांदा त्याच शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन टाका. रस्त्याचं बोलणं त्यानंतर काढा.