घरची टेबलं एका कथेत जोडताय? या चुका टाळा

टिळकवाडीचं शनिवारचं टेबल, खानापूरचं रविवारचं आणि निपाणीचं महिन्यातून एकदा जमणारं, अशी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाची तिघांची कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणाऱ्या कथा) एकाच जगात चालवायची ठरली की डीएम मंडळी, म्हणजे खेळ चालवणारे, आधी नकाशा रंगवायला बसतात. देवदेवता, राजघराण्यांच्या वंशावळी, तीनशे वर्षांचा इतिहास. खेळाडूंना यातलं काही नको असतं. आपण काल पूल जाळला तर तो दुसऱ्या टेबलालाही जळालेलाच दिसावा, एवढीच त्यांची मागणी असते. आणि नेमकं तेच कोणी सांभाळत नाही.

एकच एनपीसी सगळ्यांच्या ताब्यात

एनपीसी म्हणजे खेळाडूंचं नसलेलं, डीएम चालवतो ते पात्र. ही चूक सगळ्यात महाग पडते. घाटातल्या नाक्यावर जकातदार बसवला, कारण तिन्ही पार्ट्यांना, म्हणजे तिन्ही टेबलांवरच्या खेळाडूंच्या टोळ्यांना, तिथूनच जायचंय. शनिवारी टिळकवाडीकरांनी जकात द्यायची सोडून त्याला कापला. ग्रुपवर कळवायचं राहिलं. रविवारी खानापुरात तोच जकातदार मिठाच्या तांड्याला राखण नेमत बसलाय, आणि दोन्हीकडे खेळणारा एक जण मध्येच म्हणतो, "काय बोलूलास, तो तर काल मेलाय की!" डीएमने तिथल्या तिथे जुळा भाऊ काढला. पुढे निपाणीत मयताच्या खिशात सापडलेली चिठ्ठी भावाच्या कटाशी जुळेना, मग आणखी एक ठिगळ. शेवटी कोणीही मेला की खेळाडू विचारतात, "ह्याला भाऊ किती?" जुळा भाऊ, खोटं प्रेत, स्वप्न होतं वगैरे शॉर्टकट सुचले की सेशन तिथेच थांबवून चहा प्यावा, ते बरं.

प्रत्येक सामाईक पात्राला एकच मालक टेबल द्या. त्याचं मरणं, फितूर होणं, गादीवर बसणं फक्त त्या टेबलावर. बाकीच्यांकडे तो फसवेल, पळेल, निरोप धाडेल. "पण आमच्या पार्टीने मारलाच तर?" हा प्रश्न नवे डीएम हमखास विचारतात. मग तुम्ही त्याला समोर आणलात कशाला? मुनशी पाठवा, शिपाई पाठवा. फाशांचा निकाल गुपचूप बदलून एनपीसी वाचवायचा नाही. तिन्ही डीएमच्या सामाईक शीटवर पाच रकाने पुरतात: नाव, मालक टेबल, सध्या कुठे, जिवंत की मृत, शेवटचा बदल खेळातल्या कुठल्या तारखेला. तीन टेबलांना अशी दहा पात्रं म्हणजे डोक्यावरून पाणी.

काळाचा हिशेब न ठेवणे

आठवड्याला खेळणारं टेबल सहा महिने पुढे जातं, निपाणीकर अजून त्याच गुहेच्या तोंडाशी. मग निपाणीच्या पार्टीला जे गाव वाचवायचंय ते टिळकवाडीकरांनी कधीच लुटलेलं असतं. बाहेरचा एक आठवडा म्हणजे खेळातलाही एक आठवडा, आणि सेशन शक्यतो गावात परत येऊनच संपवायचं. गुहेत अर्धवट थांबलात तर ती पार्टी अडकली: तिच्यातलं कोणी दुसऱ्या टेबलावर दिसणार नाही, आणि त्या गुहेत दुसरं टेबल शिरणार नाही.

२००० ते २००८ पर्यंत अनेक टेबलांवर एकाच जगात चाललेल्या लिव्हिंग ग्रेहॉक कॅम्पेनमध्ये हेच जरा कडकपणे होतं. प्रत्येक कॅरॅक्टरला (खेळाडूच्या पात्राला) वर्षाला ५२ टाइम युनिट मिळायची आणि प्रत्येक साहसात ती खर्च व्हायची. संपली की त्या वर्षापुरतं त्या कॅरॅक्टरने बसायचं. घरच्या तीन टेबलांना एवढा कारभार नको, तारखांची एक वही बास.

बाकीच्या, थोडक्यात

दुसऱ्या टेबलावरून आलेलं पाहुणं कॅरॅक्टर कुठल्याही लेव्हलचं घेणे. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलला फायटरला (लढवय्याला) एका पाळीत दुसरा हल्ला आणि विझार्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळतो. तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीत असला पाहुणा आला की बाकीचे नुसते बघे. फरक एका लेव्हलचाच ठेवा.

जादूची वस्तू तोंडी परवानगीवर एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरवणे. डीएमच्या सहीची चिठ्ठी नसेल तर ती तलवार घरीच राहिली.

एकाच गावाचं नाव शीटवर तीन तऱ्हांनी लिहिणे. शोधलं तर सापडत नाही, आणि गावं तीन होऊन बसतात.

निकाल व्हॉइस नोटमध्ये पाठवणे. ऐकत कोणी नाही. पाच ओळी टाइप करा: खेळातली तारीख, कोण मेलं, कुठली जागा बदलली, कुठली वस्तू कोणाकडे गेली, कोणाला कुठलं गुपित कळलं. हे डाइस पिशवीत जायच्या आधी, घरी गेल्यावर नाही.

आणि पहिल्याच महिन्यात महायुद्ध. घाई झालेल्यांना हेच आधी हवं असतं. आधी एक बाजारगाव आणि एक रस्ता एवढंच सामाईक ठेवून चार-पाच सेशन काढा. मग गडाचा वेढा घ्या, बेळगावजवळच्या राजहंसगडासारखा एकटा उभा डोंगर डोळ्यांसमोर ठेवून. एक टेबल दरवाजा लढवेल, दुसरं धान्याचं कोठार, तिसरं नदीचा उतार. तिघांनी दोन आठवड्यांत खेळून निकाल द्यायचा. दोन जागा राखल्या तर गड राहिला, नाहीतर पडला. हा नियम वेढ्याच्या आधीच शीटवर लिहून ठेवा. निकाल लागल्यावर लिहिलेला नियम हरलेलं टेबल मानत नाही.