पॅरालीगल व्हायचंय? आधी लायब्ररी गाठा

वकिलांच्या हाताखाली पॅरालीगल म्हणून काम करायचं मनात असेल, तर कोर्सची फी भरण्याआधी कॉलेजच्या लायब्ररीत एक-दोन दुपारी काढा. ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयानुसार आकडे देऊन, लावलेल्या कपाटांत कायद्याची पुस्तकं 340 पासून सुरू होतात. कोर्टाच्या निकालांचा एखादा जाडजूड खंड काढून एकच निकाल सावकाश वाचा. आधी पक्षकारांची नावं, मग घटना, मुद्दे, जुन्या निकालांचे दाखले. असे दाखले शोधणं, पडताळणं, कागदपत्रं तारखेनुसार लावणं, यातच या कामाचा बराचसा दिवस जातो. वाचताना रस वाटतोय का? माझ्या मते खरी परीक्षा हीच. कायद्याचे महागडे ऑनलाइन डेटाबेस कॉलेजच्या लॉगिनवर मिळतात का, तेही बघा. आणि ग्रंथपालांना नेमकं विचारा: ‘पॅरालीगलच्या नोकरीसाठी लागणारी पात्रता कुठे वाचायला मिळेल?’